‘मेरिट’ कशाला म्हणावे?



मुळशी तालुक्यातील नेरे हे गाव हिंजवडीच्या जवळचे. दहावी-बारावीचे निकाल लागले की इतर गावांप्रमाणे तेथेही एक इंग्रजी शब्द घरोघरी ऐकू येतो, ‘मेरिट’. हा शब्द आता आपण मराठीच मानतो. पण तो निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या अर्थाने वापरला जातो, आणि या अर्थांची गल्लत झाली की आपल्या मुलामुलींची मान विनाकारण खाली जाते. म्हणून त्याची चिकित्सा केली पाहिजे.

शाळेत मेरिट म्हणजे मार्क. पूर्वी बोर्डाची गुणवत्ता यादी निघे, वर्तमानपत्रांत फोटो येत. ती यादी बंद झाली, तरी प्रवेशाच्या वेळी ‘मेरिट लिस्ट’ लागतेच. मराठीने तर मार्कांना ‘गुण’ हाच शब्द दिला आहे! त्यामुळे ज्याचे गुण कमी तो माणूसच गुणहीन, असे नकळत वाटू लागते. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. म्हणजे शंभरात अडतीससुद्धा नाहीत. शाळेत गोणपाटावर वेगळे बसणे त्या आकड्यात मोजलेले नव्हते, आणि परळच्या चाळीतील एका खोलीत रात्री उठून केलेला अभ्यासही मोजलेला नव्हता. याच विद्यार्थ्याला १९२३ साली लंडन विद्यापीठाने डी.एस्सी. ही पदवी दिली.

कोर्टात हाच शब्द वेगळा बोलतो. जमिनीचा दावा ज्याने चालवला आहे त्याला हे ठाऊक असेल. वकील सांगतात, “दावा मुदतीत नव्हता म्हणून गेला, मेरिटवर चाललाच नाही.” येथे मेरिट म्हणजे प्रकरणातील मूळ गुणदोष. ते ऐकल्याशिवाय निकाल लागला तर आपण त्याला न्याय म्हणत नाही.

पण कॉलेजात आपल्या मुलाला विचारतात, “तू मेरिटचा की कोट्याचा?” येथे काहीही न ऐकता निकाल दिलेला असतो. विचारणाऱ्याला मार्क नको असतात, जात हवी असते. राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याला खुल्या यादीइतके गुण असले तर तो खुल्या जागेवरच धरला जातो, हे त्याच्या गावीही नसते. प्रवेशाची यादी वेगळी असली तरी पदवीचा पेपर सर्वांना एकच असतो, हेही तो विसरतो. भरमसाट पैसे भरून मॅनेजमेंट कोट्यातून आलेल्याला हा प्रश्न कोणी का विचारीत नाही? २०२२ साली वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, परीक्षेतील गुण म्हणजे सारी गुणवत्ता नव्हे. गुणवत्तेकडे सामाजिक संदर्भातच पाहावे लागते.

म्हणून अभ्यास नको, असा अर्थ कोणी काढू नये. पूल बांधणाऱ्याला गणित आलेच पाहिजे. मार्क हे त्या विषयाचे माप आहे, ते माणसाचे माप नव्हे, एवढेच आमचे म्हणणे.

आता आपल्या घरचा अर्थ. पाली ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांत ‘पुञ्ञ’ या शब्दासाठीही ‘मेरिट’ हाच शब्द येतो. पुण्य म्हटले की आपल्यापैकी काहींना अजून तीर्थस्नान आठवते. तसले हे पुण्य नव्हे. दान, शील आणि भावना यांनी जे साधते ते पुण्य. यादीत एकाचा नंबर वर गेला की दुसऱ्याचा खाली येतो. पुण्याचे तसे नाही. ते इतरांना वाटता येते, आणि वाटल्याने कमी होत नाही.

भगवंतांच्या संघात वडीलकी कशी ठरत असे? जो आधी प्रव्रजित झाला तो वडील. शाक्य राजपुत्र प्रव्रज्येसाठी आले, तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा न्हावी होता. राजपुत्रांनीच विनंती केली, की प्रथम उपालीला प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा अभिमान उतरेल. तसेच झाले. पुढे राजगृहाला पहिली संगीती भरली, तेव्हा विनयाविषयीचे सारे प्रश्न त्याच उपालीला विचारण्यात आले.