निकाल आणि निर्णय



कॉलेजात शिकणारा मुलगा चांगला खेळतो. पैसे देणाऱ्या संघाचे बोलावणे येते आणि तो शिक्षण अर्धवट सोडून जातो. हे शहाणपण की अविचार? आपण उत्तर देतो ते बहुधा निकाल लागल्यावर. नाव झाले तर ‘पोरगा हिमतीचा’; नाही झाले तर ‘आईबापाचे ऐकले नाही’.

आपल्या अमरावतीच्या जितेश शर्माचेच पाहा. २०१६ साली मुंबई इंडियन्सने त्याला १० लाख रुपयांत घेतले, पण दोन हंगामांत एकही सामना मिळाला नाही. आयपीएलमधला पहिला सामना तो २०२२ मध्ये पंजाब किंग्जकडून खेळला. पुढे बंगळूरने ११ कोटी मोजले आणि २०२५ मध्ये तो विजेत्या संघात होता. व्यावसायिक क्रिकेटची त्याची वाट योग्य की अयोग्य, हे २०१८ साली विचारले असते तर पुष्कळांनी नकारार्थी मान हलवली असती. आज तेच त्याचे उदाहरण देतील. वाट तीच, माणूस तोच. बदलला फक्त निकाल.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाची आठ अंगे सांगितली. त्यांत अनुभवाची आठवण, जाणत्यांकडून शिकण्याची तयारी, दूरदृष्टी, सावधपणा आहे. यश मात्र नाही. कारण यश आपल्या एकट्याच्या हाती नसते; गुडघा दुखावला की सारे संपू शकते.

म्हणून निर्णय घेतानाच विचारावे: खेळाची ओढ त्याला नेते आहे की नुसता पैसा? जाणत्या प्रशिक्षकाचा सल्ला घेतला का? घरचे कर्ज फेडण्याचे ओझे आपणच त्याच्यावर टाकले नाही ना? बेत फसला तर पुढे काय? बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने सांगितले ते यासाठीच.

हिशेब म्हणजे भीती नव्हे. खेळाडूचे शरीर थांबत नाही, पदवी थांबू शकते. १९१४ साली स्थापन झालेल्या आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तर शारीरिक शिक्षणाची पदवीही घेता येते. तेव्हा विचारपूर्वक लवकर गेलेला मुलगा हरला, तरी तो चुकला असे नाही. आणि अविचाराने गेलेला जिंकला, तरी त्याचे अनुकरण करू नये.

असा एखादा मुलगा हरून अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या स्टँडवर उतरेल, तेव्हा ‘सांगितले होते ना’ असे म्हणू नका. प्रवेशाची शेवटची तारीख कधी आहे, ते त्याच्यासोबत जाऊन विचारून या.