बोडीखालचं घर

आमच्या भंडारा-गोंदियाकडे शेताच्या उंच अंगाला मातीची पाळ घालून पावसाचं पाणी अडवतात. तिला बोडी म्हणतात. गावचा मोठा तलाव वेगळा. तो पूर्वी मालगुजाराचा होता, १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचा झाला. म्हणून त्याचं नाव माजी मालगुजारी तलाव, बोलताना मामा तलाव. बोडी मात्र ज्याची त्याची, सातबाऱ्यावरची. आमची आजोबांच्या वेळची आहे. पाळ नऊ फूट, पाणी पसरतं दीड एकरात. धान निसवते त्या वेळी परतीच्या पावसाने दगा दिला, तर याच पाण्यावर घरात पोतं येतं.

पुतण्या सिंचनाच्या कामावर आहे. धरणाचा धोका कसा ठरवतात, असं मी त्याला एकदा विचारलं. त्याने सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. अमेरिकेत नव्वद हजारांवर धरणांची सरकारी यादी आहे, त्यातली निम्म्याहून जास्त खाजगी मालकीची. तिथे धरणाला दोन वेगवेगळे शेरे असतात. एक तब्येतीचा : पाळ कशी आहे, पाझर किती, सांडवा मोकळा आहे का. दुसरा धोक्याचा : फुटलं तर खाली कोणाचं काय जाईल. धरण लोखंडासारखं असलं तरी खाली वस्ती असेल तर शेरा 'जास्त धोका'. आणि पाळ भुसभुशीत असली, पण खाली रान असेल, तर 'कमी धोका'.

म्हणजे मी पाळीला हात लावला नाही, एक ढेकूळ हललं नाही, तरी खाली कोणी घर बांधलं की माझी बोडी धोक्याची होते. हे मला आधी अन्यायाचं वाटलं. घर त्याने बांधलं आणि शेरा माझ्या बोडीवर?

आमच्या बोडीखाली पूर्वी नुसत्या बांध्या होत्या. आता तिथे एक घर आहे. जागा त्याच्या हक्काची, बांधकाम रीतसर. पोरं लहान आहेत. मागच्या साली झडीत तो छत्री घेऊन पाळीवर आला आणि म्हणाला, "काका, बोडी फुटली त आमचं घर जाते ना जी." मी म्हणालो, "बोडी आधीची आहे बाबू, घर मागून आलं." बोलणं खरं होतं. पण पाणी कोण आधी आलं ते विचारून वाहत नाही.

हा वाद जुना आहे. विलायतेत एका गिरणीवाल्याने स्वतःच्या जमिनीत तलाव केला, त्याचं पाणी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. १८६८ साली तिथल्या वरच्या कोर्टाने सांगितलं की गिरणीवाल्याची हयगय नसली तरी भरपाई त्यानेच द्यावी. पाणी साठवणाऱ्याने ते आपल्या जोखमीवर साठवावं. आणि १८७४ साली मद्रासकडच्या एका जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचं नुकसान झालं, तेव्हा विलायतेतल्याच प्रिव्ही कौन्सिलने उलटं सांगितलं. हे तलाव पिढ्यान्‌पिढ्यांचे, रयत त्यांच्यावर जगते, ते राखणं जमीनदाराचं कर्तव्यच आहे. हयगय नसेल तर तो देणं लागत नाही. मला दुसरा निकाल जवळचा वाटतो, शेतकरी आहे ना मी! पण त्यातही 'हयगय नसेल तर' हे शब्द आहेतच.

आणि हयगय दिसत नाही, हीच पंचाईत आहे. पाळीच्या खालच्या अंगाला निर्मळ पाझर असतो, तो चालतो, त्यावरच खालच्या विहिरी जगतात. तोच पाझर गढूळ झाला की समजावं, पाळीची माती आतून वाहून चालली. खेकड्याचं बीळ, उंदराचं बीळ, वाळलेल्या झाडाचं कुजलेलं मूळ, एवढं पुरतं. दुसरं मरण सांडव्यातून येतं. सांडवा तोकडा पडला की पाणी पाळीवरून जातं, आणि मातीच्या पाळीवरून पाणी गेलं म्हणजे ती गेलीच.

हवाई बेटांवर का लोको नावाचं एक खाजगी मातीचं धरण होतं, १८९० सालचं, उसाला पाणी द्यायला बांधलेलं. कागदावर 'कमी धोका'. १४ मार्च २००६ रोजी ते फुटलं आणि खाली राहणारी सात माणसं गेली. माणसं राहायला आली होती, शेरा जुनाच राहिला होता.

आपल्याकडे २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे, पण तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांसाठी; दहा ते पंधरा मीटरची काही ठरावीक धरणंही त्यात येतात. माझी नऊ फुटांची पाळ त्यात कुठे बसणार? म्हणजे शेरा देणारं कोणी येणार नाही. मीच पाहायचं, आणि मीच खर्च करायचा. इथे मात्र माझं भांडण आहे. पाझराचं पाणी पाच विहिरींना जातं, उन्हाळ्यात गावची जनावरं बोडीत उतरतात, मुरूम टाकायच्या वेळी सारे घरात. फायदा वाटून घ्यायचा असेल तर पाळही वाटून घ्यावी. हे मी ग्रामसभेत बोललो. माना हलल्या, पैसा कोणी काढला नाही.

पण गाव देत नाही म्हणून त्या पोरांवरचा धोका कमी होत नाही. पुतण्याने दोन उपाय सांगितले : पाळ वाढव आणि रुंद कर, नाहीतर सांडवा फूटभर खाली घेऊन दुप्पट रुंद कर. पहिल्याला पैसा नाही. दुसऱ्यात एक फूट पाणी कायमचं जातं, म्हणजे धानाची शेवटची एक पाळी जाते. धाकटा भाऊ म्हणतो, "त्याच्या घरासाठी आपण आपलं पोट का कापायचं, दादा?" त्याचा सवाल चुकीचा नाही. माझ्याकडे त्याला पटेल असा जवाब नाही. मी एवढंच म्हणालो की पोतं कमी आलं तर पुढच्या साली बघता येते.

या उन्हाळ्यात सांडवा फूटभर खाली घेतला, रुंद केला, तळाला दगड बसवले. भाऊ दोन दिवस आला नाही, तिसऱ्या दिवशी कुदळ घेऊन आला. खालच्या घरवाल्यानेही चार ट्रॉली मुरूम टाकला, न मागता. आता झडीत दिवसातून दोनदा पाझर बघायचा असं आमचं ठरलं आहे, सकाळी मी, संध्याकाळी तो. आणि त्याच्या घरापलीकडच्या बांधीत परवा कोणीतरी चुन्याच्या रेघा मारून गेलं आहे, जोत्याच्या.