जे देता येत नाही, ते आपले काय?

एखादी वस्तू आपली आहे, असे आपण केव्हा म्हणतो? ती वापरता येते म्हणून, की ती दुसऱ्याला देता येते म्हणून? शेत, दागिना, पुस्तक यांच्या बाबतीत हा प्रश्न कधी पडला नाही. परंतु घरातील संगीत आणि चित्रपट आता कपाटातून निघून खिशात जाऊन बसले आहेत, आणि तेथे तो टाळता येत नाही.

१९७९ साली जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन बाजारात आणला. त्या पहिल्या यंत्राला एकाच वेळी दोन हेडफोन जोडता येत असत. कारण कंपनीचे धुरीण अकिओ मोरिता यांना माणसाने एकट्यानेच गाणी ऐकत बसणे असभ्यपणाचे वाटले होते. पुढे ही सोय मागे पडली. तरीही आतील कॅसेट शेजारी उसनी जाई आणि क्वचित परतही येई! २००१ साली ॲपलच्या आयपॉडमध्ये हजार गाणी मावली, २००३ पासून ती कंपनी इंटरनेटवरून सुटी गाणी विकू लागली, आणि वस्तू म्हणून असलेले गाणे हळूहळू नाहीसे झाले. २०२२ साली आयपॉडही बंद झाला. त्याचे काम फोनने आधीच हाती घेतले होते.

अशी विकत घेतलेली गाणी जुन्या पुस्तकांप्रमाणे पुन्हा विकता यावीत, म्हणून अमेरिकेत रीडिजी नावाची कंपनी निघाली. २०१८ साली तेथील अपील न्यायालयाने तिच्या विरुद्ध निर्णय दिला. त्यामागील तर्क विचार करण्याजोगा आहे. डिजिटल गाणे एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात 'जात' नाही. तेथे त्याची नवी प्रत तयार होते, आणि प्रत काढण्याचा हक्क ग्राहकाचा नव्हे. म्हणजे हे गाणे मुळात हातावर ठेवताच येत नाही! उसने देताना आपण काही दिवस त्या वस्तूवाचून राहत असू; देण्याला अर्थ येत असे तो त्या उणेपणामुळेच. ज्याची प्रत देऊनही आपल्याकडे सारे शिल्लक राहते, ते देणे खरोखर देणे आहे काय? कलावंताच्या पोटाचा विचार केला, तर न्यायालयाला सर्वस्वी दोष देणे आम्हाला जड जाते.

वारशाचा प्रश्न मात्र अधिक बोचरा आहे. ॲपलने २०२१ साली मृत व्यक्तीची छायाचित्रे, टिपणे तिने नेमलेल्या माणसाला मिळण्याची व्यवस्था केली. पण तिने पैसे मोजून घेतलेली गाणी आणि चित्रपट त्यातून वगळले आहेत. वडिलांची कॅसेटची पेटी मुलाकडे येई, तसे येथे होत नाही. विकत मिळत होती ती परवानगी. कॅलिफोर्नियात २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार विक्रेत्याला हे ग्राहकास स्पष्ट सांगावे लागते. कायद्याला एवढे सांगावे लागावे, यातच सारे आले.

अर्थात, आखातात वा जहाजावर नोकरी करणाऱ्या आपल्या माणसांना हेच खिशातील यंत्र घरची भाषा ऐकवते, आणि ज्या घरात ग्रामोफोन कधीच परवडला नसता, तेथील मूलही आज बाख ऐकू शकते. हा लाभ लहान नव्हे. पुढे संगीत घरातून गाडीत, गाडीतून कानात असे अखंड सोबत राहील. पण घराण्यात राहील ते बहुधा आपण स्वतः ध्वनिमुद्रित केलेलेच. आजीच्या आवाजातील लग्नगीते फोनमध्ये असतील, तर त्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.