घर शोभेचं की सोबतीचं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



फ्रीगंजमध्ये टावर चौकाच्या आसपास सध्या जुनी घरं पाडून फ्लॅट उभे राहताहेत. प्रत्येक घरात इंटिरियरचीच चर्चा. घर सुंदर असावं यात काहीच गैर नाही. पण ते कोणासाठी सुंदर, हे विचारायला आपण विसरतो. आम्हीही विसरलो होतो, म्हणून आज आमच्याच घरची गोष्ट सांगतो.

मागच्या वर्षी आम्ही हॉल नवीन केला. खिडकीपाशी सासूबाईंचा जुना लाकडी दिवाण होता. नवीन रंगाला तो शोभेना, म्हणून गॅलरीत गेला. त्याच्या जागी बुटका, मऊ सोफा आला. देवघर टीव्हीच्या भिंतीतल्या कप्प्यात, उंचावर बसवलं. लाइटिंग अगदी छान! येणारे-जाणारे कौतुक करत होते.

एका गुरुवारी आरतीला आम्ही सगळे हॉलमध्ये उभे होतो. सासूबाई मात्र आतल्या खोलीत, पलंगाच्या कडेला बसून टाळ्या वाजवत होत्या. बाहेर का येत नाही विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, त्या सोफ्यावरून मला उठता येत नाही. आणि देवाला फूल वाहायला हात पुरत नाही. तुमचं चालू द्या." पंधरा दिवस हे चाललं होतं आणि आमच्या लक्षातही आलं नव्हतं!

आपल्याकडेच याचं उत्तर आहे. महेश्वरला अहिल्यादेवींचा वाडा पाहिलाय ना? ज्यांनी 1780 मध्ये काशी विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभारलं, त्यांचं स्वतःचं राहणं किती साधं! लाकडी खांबांची ओसरी, समोर अंगण, ओसरीवर पांढरी गादी, जवळच पूजेची जागा. गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसाला तिथे बसता येत होतं. देव, काम आणि माणूस, तिघांनाही त्या घरात जागा होती.

जुन्या वाड्यातला चौक तरी कशासाठी? वर मोकळं आकाश, त्यामुळे उजेड आत येई आणि गरम हवा वर निघून जाई. भोवतीच्या ओसरीवर आजी वाती वळायची, मुलं अभ्यास करायची. एकमेकांवर सहज नजर राहायची. आज फ्लॅटमध्ये चौक नाही, पण एक खिडकी आहे ना? तिच्यापाशी घरातलं सगळ्यात मोठं माणूस बसू द्या. तोच आपला चौक.

सद्गुरू सांगतात, देव आधी माणसात बघा. मग ज्या घरात आईचा हात देवापर्यंत पोहोचत नाही, तिथे आपली आरती तरी कशी पोहोचणार?

आम्ही दिवाण परत आणला. देवघर खाली घेतलं. आता रंगसंगती थोडी बिघडली आहे खरी, पण आरतीचा पहिला आवाज पुन्हा सासूबाईंचा असतो.

या गुरुवारची सेवा एवढीच: आपल्या घरातल्या ज्येष्ठांच्या जागेवर पाच मिनिटं बसून बघा. उजेड येतो का? देव दिसतो का? उठता येतं का? जे खुपेल ते त्याच दिवशी बदला, आणि ग्रुपवर जरूर कळवा.

सर्वांचं कल्याण होवो. 🙏