कुंपणापलीकडचा धडा

मुंबईत धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. या सुमारे ३७ एकरांत पूर्वी शहराचा कचरा पडत असे. तो बंद झाला, वर माती आली, झाडं लावली गेली, जगवली गेली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आज शाळांच्या सहली येतात. मुलं फुलपाखरं ओळखतात, औषधी वनस्पतींची नावं उतरवून घेतात. ते हवंच. पण या जागेचा मोठा धडा पायाखालच्या कचऱ्यात आणि कुंपणापलीकडच्या नदीत आहे. तो गाळून दिलेलं निसर्गशिक्षण म्हणजे सहलच, फार तर अभ्यासपूर्ण सहल.

यावर म्हटलं जातं की मुलांना आधी निसर्गाची गोडी लागू द्यावी, घाण दाखवून अपराधी कशाला वाटायला लावायचं? आक्षेपात तथ्य आहे, पण तो कुणाच्या मुलांचा विचार करतो? धारावीतल्या मुलाला गटाराचं दर्शन घडवावं लागत नाही. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघालेली मिठी वाटेत सांडपाणी आणि कारखान्यांची घाण घेत माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा काठ बुजवून आवळलेल्या या नदीचं पाणी घराघरांत शिरलं. हे का घडलं, हे कळणं म्हणजे अपराधाचं ओझं नव्हे. उलट, रोज दिसणाऱ्या गोष्टीचं कारण न सांगणं हा मुलांवरचा अविश्वास आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. कचऱ्यावर जंगल उभं राहतं हे शिकवलं, तर ‘आत्ता बिघडवू, मग सुधारू’ असा परवानाच मिळणार नाही का? गोष्ट अर्धी सांगितली तर नक्की मिळेल. पूर्ण गोष्ट अशी की इथे झाडं लावण्याआधी कचरा टाकणं थांबवावं लागलं, सावली धरायला वर्षं लागली, आणि शहराचा कचरा संपला नाही. तो इतरत्र जातच राहिला. देवनारचा कचऱ्याचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याची वस्ती याच हिशेबात मांडायला हवी. म्हणून फुलपाखरांच्या नोंदीसोबत मिठीच्या पाण्यात प्राणवायू किती विरघळला आहे, तेही मुलांनीच मोजावं. साधी चाचणी आहे, नमुना शिक्षकांनी आणून द्यावा. आकडे महापालिकेला पाठवावेत. उत्तर आलं नाही, तर तीही नोंद वहीत करावी.