मिरची, मिलो आणि कोलंबस

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या मुदपाकखान्याचे बारकाईने वर्णन आहे. हिंग आहे, आले आहे, मिरे आहेत. मिरची नाही. ही कल्याणी म्हणजे लातूरच्या सीमेपलीकडचे बसवकल्याण. आज नांदेड जिल्ह्यातल्या नायगावच्या बाजारात मिरचीचा ठसका चुकवता येत नाही. एकादशीच्या ताटातले शेंगदाणे, बटाटा, रताळे, साबुदाण्याचा कंद हे सारे मूळचे अटलांटिकपलीकडचे. कांदा-लसणाला दारातच अडवणाऱ्या सोवळ्याला या परक्यांचे काहीच वाटले नाही, याची मला मोठी गंमत वाटते.

ही पिके आली कशी, याचा विचार मात्र सावकाश पालटत गेला. कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षे झाली म्हणून 1893 साली शिकागोत जंगी प्रदर्शन भरले, तेव्हा सारे श्रेय एका धाडसी दर्यावर्दीचे होते. 1972 मध्ये आल्फ्रेड क्रॉस्बी यांनी ‘द कोलंबियन एक्स्चेंज’ लिहिले आणि पिके, जनावरे, रोगजंतू पुढे आले. बटाट्याने आणि मक्याने युरोपाची पोटे भरली. तिकडे अमेरिकेत देवीच्या साथीने गावेच्या गावे उठली, कारण तिथल्या शरीरांना या रोगाची ओळखच नव्हती.

पण सगळे जंतूंच्या माथी मारले की माणसे सुटतात. कामाला हात उरले नाहीत, म्हणून उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतली माणसे आणली गेली. पुढच्या साडेतीन शतकांत सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबली गेली. ती रिकाम्या डोक्याने गेली नव्हती. अमेरिकेतल्या भातशेतीमागे या गुलामांची विद्या होती, असे ज्युडिथ कार्नी यांनी 2001 मध्ये ‘ब्लॅक राइस’ या पुस्तकात मांडले. मला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याने ज्वारीकडे पाहायला शिकवले.

ज्वारी मूळची आफ्रिकेची. आपल्याकडे ती हजारो वर्षांपूर्वी आली. अमेरिकेत ती गुलामांच्या जहाजांबरोबर गेली. तिथल्या वाणाशी संकर करून 1964 मध्ये सीएसएच-1 हे वाण निघाले आणि मराठवाड्याच्या शिवारात ‘हायब्रीड’ आले. कणगी भरली, भाकरीची चव गेली, ही तक्रार घरोघर होती. मग बहात्तरचा दुष्काळ पडला आणि रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, म्हणजे मिलो, आली. क्रॉस्बींचे पुस्तक निघाले त्याच काळात इथली माणसे दुष्काळी कामावर खडी फोडून त्या देवघेवीतलेच धान्य खात होती. ज्यांनी ज्वारी समुद्रापार नेली त्यांची नावे कुठल्या वहीत नाहीत, खडी फोडणाऱ्यांची फार तर हजेरीपटावर असतील.

बहात्तरला कामावर गेलेली माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. नायगाव-बिलोलीकडच्या शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे पाठवावे आणि मिलोच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्याव्यात. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.