जिभेची गाठ आणि घरातला हारून

सर्व प्रशंसा त्या अल्लाहसाठी, ज्याने माणसाला बोलण्यासाठी जीभ दिली, घास घेण्यासाठी मुख दिले आणि तो घास सहज गळ्याखाली उतरावा म्हणून तोंडात लाळ निर्माण केली. सलाम व दरूद असो आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, जे स्वतः आजाऱ्यांच्या भेटीला जात आणि आपल्या अनुयायांनाही तसे करण्यास सांगत.

वाचक बंधु-भगिनींनो, दिव्य कुरआनच्या सूरह बलदमध्ये अल्लाह माणसाला त्याच्या डोळ्यांची, जिभेची आणि दोन ओठांची आठवण करून देतो. या देणग्यांचे मोल सुदृढ माणसाच्या सहसा ध्यानी येत नाही. ज्यांच्या ते ध्यानी आले आहे, अशी माणसे आज आपल्याच मोहल्ल्यांत राहत आहेत. जीभ, गाल, जबडा किंवा घसा यांच्या कर्करोगावर त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. आजार आटोक्यात आला, परंतु पाण्याचा घोट, भाकरीचा तुकडा आणि सलामचे उत्तर या तिन्ही गोष्टी त्यांना कठीण होऊन बसल्या. आजचे निवेदन त्यांच्यासाठी आणि त्याहून अधिक त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

कोल्हापूर परिसराला हा आजार परका नाही. शेजारची निपाणी तंबाखूच्या पेठेसाठीच प्रसिद्ध आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी चुना-तंबाखूची डबी, मावा आणि मिश्री घराघरांतून गेलेली नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील तासगावचे आर. आर. पाटील २०१५ मध्ये याच रोगाने गेले. शरद पवारांवर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. दात काढावे लागले, तोंड पुरते उघडेना, गिळताना व बोलताना त्रास झाला, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. एवढ्या मोठ्या व्यक्तीने हे लपविले नाही. मग आपल्या घरातील रुग्णाने तोंडावर रुमाल धरून आतल्या खोलीत का बसावे?

प्रथम या त्रासाचे स्वरूप समजून घेऊ. किरणोपचार साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, असे सहा ते सात आठवडे चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडाच्या आतील नाजूक त्वचा लाल होते, सोलते, फोड येतात. लाळ घट्ट होते, मग आटते. चव जाते आणि गोड पदार्थही मातीसारखा लागतो. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत फोड बहुधा भरून येतात. चव परतण्यास अनेक महिने लागतात. कोरडेपणा मात्र वर्षानुवर्षे, काहींना कायमचा राहतो. याच फोडांना कंटाळून काही रुग्ण उपचार मध्येच सोडतात. असे कदापि करू नये. किरणोपचारात खंड पडला की त्याची परिणामकारकता घटते आणि सोसलेले दुःखही वाया जाते. त्रास डॉक्टरांना सांगावा, तो कमी करण्याचे मार्ग त्यांच्यापाशी असतात.

रमजान जवळ आला की मशिदीत एक प्रश्न हमखास विचारला जातो: "मौलाना, पाण्याच्या घोटाशिवाय जीभ टाळूला चिकटते. पण रोजा सोडायला मन धजत नाही. काय करू?" या प्रश्नामागील ईमान आदरास पात्र आहे. परंतु उत्तर रुग्णाच्या हिमतीवर सोपविलेले नाही, ते अल्लाहने दिलेले आहे. सूरह बकराच्या १८४ व १८५ या आयतींत आजाऱ्याला रोजाची सवलत आहे आणि त्यामागचे कारणही तेथेच सांगितले आहे, की अल्लाहला आपल्या दासांसाठी सुलभता हवी आहे, अडचण नको आहे. ज्याला बरे होण्याची आशा आहे, त्याने ते रोजे नंतर पूर्ण करावेत. हिवाळ्यातील लहान दिवस त्यासाठी सोयीचे. ज्याचा त्रास कायमचा आहे आणि डॉक्टरांच्या मते पुढेही रोजा झेपणार नाही, त्याने प्रत्येक रोजाबद्दल एका गरजूला जेवण किंवा सदका-ए-फित्राइतका फिदया द्यावा. पुढे ताकद आली तर रोजे ठेवावेत. आपल्या प्रकृतीचा नेमका तपशील डॉक्टरांना व जाणत्या मुफ्तींना सांगून निर्णय घ्यावा.

येथे हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेला प्रसंग सर्व नातलगांनी लक्षात ठेवावा. अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात तो आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. त्याच्यावर स्नान आवश्यक झाले, तेव्हा त्याने सोबत्यांना सवलतीबद्दल विचारले. पाणी उपलब्ध असताना सवलत कसली, असे ते म्हणाले. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा ते अत्यंत संतप्त झाले. त्याच्या मृत्यूचा दोष त्यांनी त्या सोबत्यांना दिला आणि ठाऊक नव्हते तर विचारायचे होते, असे बजावले. बंधूंनो, ते सोबती वाईट नव्हते, त्यांना धर्म पाळायचाच होता. पण दुसऱ्याच्या जखमेवर त्यांनी आपल्या अज्ञानाचे ओझे ठेवले. "एवढे काय, रोजा ठेव, अल्लाह ताकद देईल," असे किरणोपचार चालू असलेल्या माणसाला सांगणारा नातलगही तेच करत असतो.

दुसरी खंत नमाजची असते. जिभेचा भाग काढला गेला की अक्षरे नीट उमटत नाहीत. आयुष्यभर शुद्ध उच्चारांत कुरआन पढणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकवत नाही आणि तो पठण थांबवतो. त्याने थांबू नये. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसनुसार, जो अडखळत, कष्टाने कुरआन पढतो त्याला दुप्पट पुण्य आहे. जितके उमटेल तितके पढावे. जीभ मुळीच वळत नसेल तर मुक्या माणसाचीही नमाज होतेच. वुजूमध्ये चूळ भरल्याने इजा होत असेल तर ती सोडता येते. गुस्लच्या वेळीही, जखमेला पाण्याने अपाय होणार असेल तर जाणकाराला विचारून सवलत घ्यावी. मिस्वाकचा हेतू मुखाची स्वच्छता हा आहे. सोललेल्या हिरड्यांना कठीण काडी सोसत नाही, तेथे डॉक्टरांनी सांगितलेला मऊ ब्रश वापरावा. मुखाला वास येतो म्हणून जमातमध्ये जाण्याचा संकोच वाटत असेल तर घरी नमाज पढावी. निरोगी असताना जी सत्कृत्ये माणूस करत होता, त्यांचे पुण्य आजारपणातही त्याच्या नावे लिहिले जाते, ही शुभवार्ता प्रेषितांनी (स.) दिली आहे.

आता हजरत मूसा (अलै.) यांच्याकडे वळू. फिरऔनच्या दरबारात जाण्याची आज्ञा झाली तेव्हा त्यांनी अल्लाहकडे काय मागितले? सूरह ताहामध्ये त्यांची प्रार्थना आहे. आपल्या जिभेची गाठ सुटावी, अशी विनंती त्यांनी केली आणि त्याच ओघात आपल्या घरातीलच एक सहाय्यक, आपला भाऊ हारून, मागितला. अल्लाहने त्यांची मागणी मान्य केली. एवढ्या थोर प्रेषिताने आपली अडचण लपविली नाही, आणि एकट्याने सोसण्याचा हट्टही धरला नाही. मग आपल्या घरातील रुग्णाने तो का धरावा? प्रश्न असा आहे, की त्याच्या घरात हारून कोण होणार?

हारून होणे म्हणजे काय, ते सांगतो. रुग्णाचे अस्पष्ट बोलणे धीराने ऐकणे, त्याचे वाक्य तोडून स्वतः पूर्ण न करणे आणि दवाखान्यात त्याला म्हणायचे ते त्याच्या संमतीने डॉक्टरांना नीट सांगणे. खिशात पाटी-पेन्सिल किंवा मोबाईल असावा, लिहून बोलण्यात कमीपणा नाही. हजरत जकरिया (अलै.) यांनीही तीन दिवस लोकांशी खुणेनेच संवाद साधला होता.

हारून होण्याचा दुसरा अर्थ स्वयंपाकघरात आहे, भगिनींनो. आपले कोल्हापूर तिखटाचे. तांबडा रस्सा, ठेचा, कांदा-लसूण मसाला यांच्या वासानेही फोड आलेल्या तोंडाला कळ लागते, आणि पांढऱ्या रश्शातील मिरीही झोंबते. अशा माणसासाठी मऊ भात, पातळ खिचडी, शिजवून घोटलेली डाळ, उकडलेले अंडे कुस्करून, दूध, खीर, शिकरण असे कोमट, सौम्य अन्न थोडे थोडे करून दिवसातून सहा-सात वेळा द्यावे. हदीसमध्ये तल्बीनाचा उल्लेख येतो. ती जवाच्या पिठाची पातळ लापशी. रुग्णाच्या मनाला तिने आराम पडतो, असे हजरत आयशा (रजि.) यांनी कथन केले आहे. ती दुधात करून द्यावी. मात्र जबरदस्तीने घास भरवू नये. गिळणे होत नसेल आणि वजन उतरत असेल तर डॉक्टर नाकातून नळी घालण्याचा सल्ला देतात. ती शेवटाची खूण नाही, बहुतेकदा काही आठवड्यांची सोय असते. आणि नळी असली तरी रुग्णाला दस्तरखानापासून दूर ठेवू नका. तो जेवणार नसेल, पण त्याची जागा त्याची आहे.

तिसरी सेवा मुखाच्या निगेची. एक लिटर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा मीठ व एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा, विशेषतः खाल्ल्यावर, चूळ भरावी. ते पाणी गिळू नये. अल्कोहोल असलेली बाजारी गुळणीची औषधे टाळावीत, ती तोंड अधिकच कोरडे करतात. पाण्याची बाटली सदैव जवळ असावी. दातांची तपासणी किरणोपचाराआधीच करून घ्यावी. पुढे कधीही, अगदी दहा वर्षांनीही, दात काढायचा झाल्यास किरणोपचार झाल्याचे दंतवैद्याला आधी सांगावे, कारण जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. तोंड उघडण्याचे व्यायाम शिकून रोज करावेत. उभी धरलेली तीन बोटे पूर्वी तोंडात मावत आणि आता मावत नसतील, तर डॉक्टरांना कळवावे. ताप, रक्तस्राव, तोंडात पांढरे चट्टे किंवा पाणीही गिळता न येणे, ही लक्षणे दिसताच वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

काही जण वेदनाशामक औषधे नशेच्या भीतीने नाकारतात. डॉक्टरांनी मोजून दिलेले औषध वेदनेसाठी घेणे आणि नशेसाठी काही सेवन करणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या प्रेषितांनी (स.) उपचार करण्याची आज्ञा दिली आहे. झमझम जरूर प्यावे, दुआ जरूर करावी, पण औषध थांबवून नव्हे. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. कोल्हापूर, मिरज किंवा मुंबईचे टाटा रुग्णालय, जेथे उपचार चालू असतील तेथील समाजसेवा विभागाला विचारण्यात लाज मानू नये.

शेवटी भेटीला जाणाऱ्यांना दोन शब्द. "तंबाखूचे फळ मिळाले," हे वाक्य रुग्णासमोर उच्चारू नका. तंबाखूला कधीही न शिवलेल्यांनाही हा रोग होतो. आणि ज्याने ती खाल्ली, त्याचा हिशेब अल्लाहकडे आहे, आपल्याकडे नाही. उपदेश द्यायचाच असेल तर बाहेर उभ्या असलेल्या, खिशात डबी बाळगणाऱ्या तरुणाला द्या. रुग्ण विव्हळला तर त्याला सबर शिकवू नका. हजरत अय्यूब (अलै.) यांनी आपले दुःख अल्लाहपुढे मांडले, तरी कुरआनने त्यांना सबर करणाराच म्हटले आहे. सबर म्हणजे वेदना गिळून गप्प बसणे नव्हे. अल्लाहशी नाते न तोडणे, उपचार न सोडणे आणि आपल्या माणसांचा हात धरून ठेवणे म्हणजे सबर.

हे अल्लाह, ज्यांच्या मुखात फोड आहेत त्यांना शिफा दे. ज्यांची लाळ आटली आहे त्यांचा प्रत्येक घोट सुलभ कर. ज्यांची जीभ अडखळते त्यांचे अडखळते स्मरण स्वीकार. आणि आमच्या प्रत्येक घरात, जेथे जिभेला गाठ पडली आहे, तेथे एक हारून उभा कर. आमीन.